आगोटीच्या आत

मे उतरणीला लागला की कोकणातल्या घराला घाई सुटते. सोडे, सुकट, सुके बोंबील डब्यात जातात, आमसुलं बरणीत पडतात, कुळीथ निवडून ठेवले जातात, फाटी मांगरात रचली जातात आणि घरातलं कोणीतरी छपरावर चढून फुटकी कौलं मोजतं. ही आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, बेगमी. पूर्वी पाऊस एकदा लागला की खाडीवरची होडी सुटेल की नाही, बाजार गाठता येईल की नाही, याचा भरवसा नसे. म्हणून चार महिन्यांचं घर मेमध्येच भरून घ्यायचं. आता पूल झाले, दुकानं दाराशी आली, तरी हाताची सवय गेलेली नाही.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने कैदेतून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचताना ही बेगमी आठवते. मोठं काय ते सांगून झाल्यावर पौल तिथं एकदम घरगुती होतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण म्हणतो, पुस्तकं आण म्हणतो, त्यातही चर्मपत्रं विसरू नकोस म्हणतो, आणि हिवाळ्याच्या आत ये म्हणतो. सुवार्तेपायी आयुष्य खर्ची घातलेल्या माणसाचं मागणं एवढंच: एक पांघरूण, थोडं वाचायला आणि ओळखीचा एक चेहरा. पण ऋतू पालटायच्या आत.

मिशनरींना आणि सुवार्तिकांना आधार कसा द्यावा यावर आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, प्रवचनं होतात, खास रविवार पाळले जातात, दानपेटी फिरते. त्या सगळ्यातून ‘हिवाळ्याच्या आत’ एवढंच नेमकं गळून जातं. आपण देत नाही असं नाही. आपण आपल्या सोयीच्या महिन्यात देतो, आणि त्यांची गरज वेगळ्याच महिन्यात उभी राहते.

मिशनरी म्हटलं की अजूनही काहींच्या डोळ्यांपुढे टोपीवाला साहेब येतो. किनाऱ्यावर आज जे काम करतात ते बहुतेक आपल्यासारखेच लोक आहेत. पाच वाड्या सांभाळणारा मराठी पाळक, तमिळनाडूहून किंवा ईशान्येकडून आलेलं एखादं जोडपं, वसतिगृहात मुलींसोबत राहणारी बाई, घरोघर जाऊन आजाऱ्याजवळ बसणारी बायबल वुमन, आठवडाभर रिक्षा चालवून रविवारी संदेश देणारा गडी. पौल तंबू शिवून पोट भरायचा, त्यामुळे रिक्षावाल्याला कमी लेखायचं काही कारण नाही. उलट त्याला मदत वेगळ्या प्रकारची लागते. त्याला पगार नको असतो, रविवारी बुडालेल्या धंद्याची आणि थकलेल्या पाठीची जाणीव हवी असते. आपल्या माणसांनी आपल्या पैशावर हे काम करावं, हा विचारही नवा नाही. २५ डिसेंबर १९०५ रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली ती हिंदी, म्हणजे भारतीय, माणसं, हिंदी पैसा आणि हिंदी कारभार या तीन शब्दांवर.

सावित्री नदीच्या मुखावर बाणकोट आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं हिंदुस्थानातलं काम १८२३ मध्ये तिथून सुरू झालं, पाठोपाठ हर्णैला ठाणं पडलं. बाणकोटला आलेला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. तेव्हा पत्र जहाजाने जाई आणि उत्तराची वाट बघण्यात महिनेच्या महिने निघत; उत्तर हाती येईतो कधी प्रश्न संपलेला असे, कधी माणूस. आज निरोप दोन सेकंदांत पोचतो, तरीही जूनमध्ये गळणाऱ्या छपराचे पैसे दिवाळीला मिळतात. यात अंतराचा दोष काढता येत नाही.

बाप्टिस्ट मिशनरी विलियम केरी १७९३ मध्ये बंगालला निघाला तेव्हा मागे इंग्लंडात राहिलेल्या, त्या मिशनचा चिटणीस असलेल्या अँड्र्यू फुलरने दोराची उपमा वापरली होती: तू खाली उतर, आम्ही वर दोर धरून ठेवतो. जांभा फोडून खणलेल्या विहिरीत गाळ काढायला माणूस उतरतो तेव्हा काठावरच्या माणसाचं काम काय असतं, हे कोकणात समजावून सांगावं लागत नाही. त्याने उत्साह दाखवायचा नसतो, भाषणही करायचं नसतं. हात सोडायचा नसतो, बस. फुलरच्या मिशनची सुरुवात २ ऑक्टोबर १७९२ रोजी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सांवर झाली, आणि तेही हातात आलेले रोख पैसे नव्हते, कबूल केलेले आकडे होते. ते आकडे खरे करत आणि पुढचे जमवत फुलर १८१५ मध्ये मरेपर्यंत फिरला. केरीच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. त्या पानांवर फुलरचं नाव कुठे नाही.

आता पैशाकडे येतो, कारण सगळं अडतं ते तिथंच. कोकणातल्या मंडळीच्या उत्पन्नाला भरती-ओहोटी आहे. नाताळात पेटी भरते. एप्रिल-मेमध्ये आंब्याचे पैसे येतात, मुंबईचे चाकरमानी गावी येतात, उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेल्या दानाची, पाकिटं पडतात. मग १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, हर्णैपासून मालवणपर्यंत मासेमाराच्या घरात आवक नाही. शेतकऱ्याचा पैसा लावणीत अडकलेला. ऑगस्ट संपेपर्यंत पेटीत नाणी वाजतात. सेवकाच्या, म्हणजे या मिशनरीच्या किंवा पाळकाच्या, घरचा खर्च मात्र बरोबर उलटा वाहतो. जूनमध्ये शाळा सुरू, वह्या-पुस्तकं, गणवेश, छत्र्या, जुलैत ताप, छप्पर तर मेपासूनच दार ठोठावत असतं. म्हणजे आपल्या हाताला ओढ लागते तेव्हाच त्याच्या घरी खर्चाचा पूर येतो.

यावर उपाय फार हुशारीचा नाही. वर्षाचा आकडा एकदा ठरवायचा, त्याचे बारा सारखे भाग करायचे आणि दर महिन्याच्या १ तारखेला बँकेतून आपोआप जातील अशी सोय लावायची. एखादी मंडळी वर्षाला १,२०,००० रुपये देणार असेल, तर महिन्याला १०,००० जाणार. मग मेच्या शेवटी खजिनदाराच्या हाती निदान ४०,००० रुपये बाजूला पडलेले असले पाहिजेत, जून ते सप्टेंबरचे. तेवढे नसतील तर पावसाळ्यात हप्ता चुकणार हे मेमध्येच कळतं, आणि तेव्हा चाकरमान्यांकडे जाता येतं. ऑगस्टमध्ये कळलं तर कोणाकडे जाणार?

बिघडतं कुठे तेही सांगायला हवं. नाताळची शिल्लक दिसली की पंचकमिटीतल्या कोणाला तरी नवा लाउडस्पीकर आठवतो. कोणाला कंपाउंडची भिंत. ‘सेवकाचे पैसे पुढे बघू, देव पुरवतो,’ असं म्हणायला तेव्हा जीभ चटकन वळते. म्हणून हे पैसे वेगळ्या खात्यात असावेत आणि त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, हे बरं. दुसरी गोष्ट, वचन एका वर्षाचं द्यावं आणि थांबवायचं झाल्यास तीन महिने आधी कळवावं. न सांगता हप्ता बंद करणं हे आपल्याकडे भिडेपोटी होतं, नाही म्हणायला जड जातं म्हणून; पण पलीकडचा माणूस दोन महिने बँकेचा चुकलेला मेसेज शोधत बसतो, आणि मग वाण्याकडे तोंड चुकवायला लागतो.

किती द्यावं याचा हिशेब बहुतेक मंडळ्या कधी कागदावर मांडतच नाहीत. मांडून बघावा. समजा चौघांचं घर आहे, तालुक्याच्या गावापासून जरा आत. घरभाडं ३,०००. किराणा, भाजी, आठवड्यातून दोनदा साधी मासळी, ७,०००. गॅस, वीज, मोबाईल २,५००. दोन मुलांची शाळा २,०००. औषधपाणी १,०००. राहिली मोटारसायकल. दिवसाला ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर. लिटरला ५० धरले तर २० लिटर पेट्रोल, लिटरमागे १०५ रुपयांनी २,१००. घाटातल्या उतारांवर आणि पावसात ब्रेक लायनर, चेन, टायर लवकर जातात, त्याचे महिन्याला ५०० धरा. बेरीज १८,१००. यात लग्नकार्य नाही, गावी जाणं नाही, चष्मा नाही, साठवण नाही. आता आपल्या मंडळीचा आकडा याच्या शेजारी लिहावा. तो ८,००० असेल तर ‘पूर्णवेळ सेवक’ हा शब्द वापरताना थोडं थांबावं, कारण उरलेले १०,१०० कोणीतरी भरतंच आहे: वाण्याची उधारी, सासऱ्याची मदत, किंवा रात्री शिलाई मशीनवर बसलेली त्याची बायको.

इथं कोणी म्हणेल, आमची मंडळी पंचवीस घरांची, तीही मासेमारांची आणि मजुरांची, देणार कुठून? मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायकांनी एक रीत चालवली आहे. दोन वेळच्या स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. डबा चर्चमध्ये न्यायचा, तिथं तो तांदूळ विकून पैसा कामाला लावायचा. त्या मुठीवर तिथल्या मंडळ्यांनी मिशनरी पाठवले. मूठ म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. दिवसाला दोन मुठी, महिन्याला अडीच ते तीन किलो. पंचवीस घरांचे साठ ते पंचाहत्तर किलो. किलोला ४५ रुपये भाव धरला तर तीन हजारांच्या आसपास. कोकणात हे जमायला हरकत नाही, पण दोन अडचणी येतात. एका घरचा उकडा, दुसऱ्याचा कोलम, तिसऱ्याचा रेशनचा असं एकत्र झालं की तो ना भाताला धड ना पेजेला. शिवाय पावसाळ्यात दमट हवेत पंधरा दिवसांत पोरकिडे होतात. तेव्हा उकडा आणि सुरय (न उकडलेला) यांचे डबे पहिल्यापासून वेगळे ठेवावेत, महिन्याअखेर नव्हे तर दर पंधरवड्याला गोळा करावं, आणि जमल्या दिवशीच मंडळीतल्याच घरांना विकून टाकावं. सेवकाच्या दारात मिश्र तांदळाचं पोतं नेऊन टाकू नये. त्याला काय खायचंय ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.

गावचा पैसा थोडा असला तरी त्याला एक मोल आहे. करजगावचे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे बरीच वर्षं अमेरिकन मिशनबरोबर काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. तेव्हा त्यांचं वय पंचावन्न होतं. पगार बाहेरचा असला की माणूस कितीही आपला असला तरी गाव त्याला बाहेरचा समजतं, ही बोच त्या काळी होती आणि आजही आहे.

बाहेरच्या पैशाचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही बोलून घेऊ, कारण चांगल्या मनाने केलेली चूक इथं सेवकालाच महागात पडते. परदेशी नागरिकाकडून आलेली देणगी एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. त्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. कोकणात खरा गोंधळ आखाताचा असतो. कुवेतला नोकरी करणारा आपला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परकीय योगदान धरत नाहीत. पण लंडनला स्थायिक होऊन नागरिकत्व बदललेली मावशी, तिच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, कायद्याने परकीयच. ती मे महिन्यात गावी आली आणि प्रेमाने पाळकसाहेबांच्या हातात रुपयांच्या नोटा ठेवल्या, तरी नियम तोच. तिला सरळ सांगावं: मावशी, हे घेता येत नाही. रुसली तर रुसू दे.

देशातल्या पैशालाही एक खाच आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर सगळीच रक्कम करासाठी उत्पन्न धरली जाते. महिन्याला ५,००० ‘भेट’ म्हणून पाठवली तरी वर्षाचे ६०,००० होतात. त्यापेक्षा ट्रस्टमार्फत रीतसर मानधन द्यावं, पावती-व्हाउचर ठेवावं, आणि वर्षातून एकदा त्याचं विवरणपत्र भरायला मंडळीतल्याच एखाद्या हिशेबनीसाने बसावं. पैशापेक्षा ही मदत दुर्मिळ आहे.

तिसरी गोष्ट देणाऱ्यांच्या अटींची. घटनेच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. अशा वेळी ‘या वह्या उपासनेला येणाऱ्या मुलांनाच द्या’ अशी चिठ्ठी लावून खोकं पाठवणारा दाता सेवकाला अडचणीत ढकलतो. वह्या द्यायच्या तर वाडीतल्या सगळ्या पोरांना. भुकेल्याला भात देताना त्याला काही विचारायचं नसतं, ही गोष्ट कायदा नसता तरी खरी होती.

दुखण्याखुपण्याची तरतूद फार थोड्या मंडळ्या करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मिळतात, पण त्यासाठी महाराष्ट्राची कागदपत्रं, मुख्यतः शिधापत्रिका, लागतात. परराज्यातून आलेल्या जोडप्याची शिधापत्रिका तिकडच्या गावी असते आणि हे रुग्णालयाच्या खिडकीवर कळतं. ते आधी तपासून घ्यावं, नसेल तर कुटुंबाचा खासगी आरोग्य विमा काढावा आणि त्याचा हप्ता मंडळीने भरावा. बँकेतून निघणाऱ्या दोन सरकारी योजना तर नाकारायला कारणच नाही: अपघाताच्या दोन लाखांच्या विम्याला वर्षाला २० रुपये, आयुर्विम्याच्या दोन लाखांना ४३६ रुपये. दोन्हींचा हप्ता मेअखेरीला खात्यातून कापला जातो. त्या दिवशी खात्यात पैसे नसले की विमा तुटतो, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हातारपणाचा विचार तर सेवक स्वतःही करत नाही, अविश्वास वाटेल म्हणून. चाळिशीच्या आतल्याला अटल पेन्शन योजनेत घालता येतं, साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० मिळतात. मात्र आयकर भरणाऱ्याला त्यात नव्याने शिरता येत नाही. पंचवीस वर्षं सेवा करून निवृत्त झालेल्या पाळकाला मंडळीच्या खोलीतून सामान हलवताना घर शोधावं लागतं, तेव्हा शाल-श्रीफळ देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायला मन धजावत नाही.

वस्तूंबद्दल थोडक्यात. जुने कपडे पोत्यात भरून पाठवू नयेत. जूनमध्ये पोचले तर वाळत नाहीत, आठवड्यात बुरशी धरतात, आणि ते टाकायचं कामही सेवकालाच. बंद पडलेला संगणक म्हणजे दान नव्हे. पाठवायचं असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोचेल असं: जाड ताडपत्री, चांगला रेनकोट, गमबूट, चार्जिंगची बॅटरी, पॉवर बँक, पुस्तकं ठेवायला झाकणाची पत्र्याची ट्रंक. गमबूट चैनीची गोष्ट नाही. भातखाचरांतून चालत वाडीवर जाणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचं भय असतं, पायाला जखम असेल तर जास्तच. आणि घराची शाकारणी. कौलं परतायला माणूस मेच्या शेवटी मिळत नाही, सगळ्यांना तो तेव्हाच हवा असतो. एप्रिलमध्ये त्याला सांगून ठेवायला हवं. मंडळीतल्या चार तरुणांनी एक शनिवार दिला तर मजुरीही वाचते.

भेटीला जाणाऱ्यांविषयी लिहायला थोडा संकोच वाटतो, पण लिहितो. सेवकाला भेटायला म्हणून आठ माणसं गाडी करून येतात, समुद्र बघतात, चार दिवस राहतात, आणि घरच्या बाई कर्ज काढून सुरमई तळतात. कोकणी माणूस पाहुण्याला ‘नाही’ म्हणत नाही, याचा असा फायदा घेऊ नये. दोघांनी जावं, दोन रात्री राहावं, जाताना आठवड्याचा किराणा घेऊन जावं, अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं. संदेश द्यायची मागणी करू नये. तो सोडून जे काम समोर पडेल ते करावं. त्याच्याबरोबर मोटारसायकलवर एक पूर्ण दिवस फिरावं. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर जात असाल तर कधी जायचं हे त्यालाच विचारावं, कारण दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून जाते ती पावसाच्या तोंडावर परतते. जानेवारीत तिथं जाऊन ‘इथं तर कोणीच नाही, हा करतो काय?’ असा अहवाल लिहिणारे पाहुणे नवीन नाहीत. कुटुंबं गेली की त्यांच्या मागोमाग भट्ट्यांवर जाणं हेच त्याचं काम असतं, आणि त्या महिन्यांत त्याचा पेट्रोलचा आकडा दुप्पट होतो. तोही हिशेबात धरावा.

अहवालाचं दुखणं याहून खोल आहे. आपण विचारतो, या वर्षी किती बाप्तिस्मे? हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला की उत्तर आकड्यात यायला लागतं, आणि आकडा कमी पडला की हप्ता कमी होईल या भीतीने तो फुगतो. फुगवणारा माणूस खोटारडा असतो असं नाही, त्याच्या मुलांची फी असते. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला थेस्सलनीकेत असताना एकदा नव्हे तर पुन्हा पाठवलं, पुढे एपफ्रदीताच्या हातून भेट पाठवली. तो आजारी पडून मरणाच्या दारी गेला, आणि त्यांची काळजी चालली ती त्याच्या दुखण्याची. पौलानेही त्याला बरा झाल्यावर परत धाडलं, कारण मागच्यांचा जीव लागून राहिला होता. असे प्रश्न विचारावेत. झोप लागते का? या महिन्यात कोणाच्या घरी जेवलात? कोणती गोष्ट फसली? फसलेली गोष्ट मोकळेपणी सांगता आली तर समजावं, दोर घट्ट आहे.

प्रार्थनेचंही तसंच. ‘प्रभू, सर्व मिशनऱ्यांना आशीर्वाद दे’ ही प्रार्थना झटक्यात संपते. मंडळीने एक वही ठेवावी, त्यात महिन्याला तीनच विषय, नावानिशी आणि तारखेनिशी: अमक्या तारखेला त्याच्या मुलीची दहावीची परीक्षा, अमक्या दिवशी वाडीप्रमुखाशी पाण्याच्या वादावर बोलणं, अमक्याचं बायोप्सीचं उत्तर. ती तारीख गेल्यावर फोन करावा. पत्राला आठवड्याच्या आत उत्तर द्यावं, दोन ओळींचं का होईना. आणि आलेलं प्रार्थनापत्र सरसकट पुढे ढकलू नये. नाव, गाव आणि बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उभ्या माणसाचा फोटो व्हॉट्सअपच्या पन्नास गटांत फिरतो तेव्हा पाठवणारा मुंबईत सुरक्षित असतो. ज्याचा फोटो आहे त्याला उद्या त्याच पाणवठ्यावर जायचं असतं.

सेवकाच्या बायकोचं नाव पावतीपुस्तकात नसतं. संडेस्कूल ती घेते, आलेल्यांचा चहा ती करते, बायका आपलं रडणं तिच्याकडे घेऊन येतात, आणि तिला मैत्रीण म्हणून गावात कोणी मिळत नाही, कारण ती ‘पाळकांच्या घरची’. तिच्या नावाने वेगळी रक्कम असावी, थोडी का होईना, जिचा हिशेब कोणी मागू नये. वर्षातून एकदा तिची तपासणी करून घ्यावी. मुलांनाही ‘तुम्ही पाळकांची मुलं ना’ हे वाक्य दिवसातून जितक्या कमी वेळा ऐकावं लागेल तितकं चांगलं. आणि वर्षाला सलग चार आठवडे सुट्टी, फोन बंद ठेवून. त्या चार रविवारी संदेश कोण देणार हे मंडळीने आधी ठरवायचं. नाहीतर तो सासुरवाडीला बसून मोबाईलवर उपासना घेत राहतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे झाडं, खांब, छपरं एका दुपारीत गेली. वीज यायला कित्येक ठिकाणी आठवडे लागले, मोबाईलचे मनोरे मुके झाले. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली. अशा दिवसांत खात्यात पाठवलेले पैसे खात्यातच राहतात: एटीएम बंद, नेटवर्क नाही, दुकानदाराला रोकड हवी. म्हणून तीन महिन्यांच्या मानधनाएवढी रक्कम आपत्तीसाठी बाजूला असावी, आणि त्यातले निदान पाच-सात हजार, मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, सेवकाच्या घरी रोख, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून असावेत. कागदपत्रांच्या प्रती दुसऱ्या तालुक्यातल्या कोणाकडे तरी असाव्यात. वादळात सेवकाचं घर हेच गावाचं आसऱ्याचं ठिकाण होतं, हेही लक्षात घ्यावं; त्याच्या घरात तांदूळ असतील तर ते त्याच्याकडे राहणार नाहीत, शेजाऱ्यांत जातील. तेवढे जास्तीचे भरावेत.

एवढं सगळं एका मंडळीला एका वर्षात जमणार नाही. सुरुवात एका फोनने करता येते. १० मेच्या आसपास, संध्याकाळी, तो वाडीवरून परतला असेल अशा वेळी. ‘सेवा कशी चाललीये?’ हे विचारू नये, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारावं, कौलं किती फुटली, आणि गेल्या पावसात पाणी नेमकं कुठल्या खोलीत आलं होतं?